आईच्या नावाची जांभळी अंघोळ

मेलबर्न, रविवार

चि. कुमार,

आशीर्वाद आहेतच, पण रागही आहे. फोनवर भांडेन, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

आई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळवलंस. "ताईला तिकडं उगाच त्रास नको," म्हणे! अडतीस वर्षं नर्स होते मी. परक्यांच्या आया माझ्या हातांत गेल्या, आणि आपल्याच आईची बातमी मला झेपणार नव्हती?

कॉन्व्हेंटात शिकले तरी रीत विसरले नाही. फोन ठेवला आणि डोक्यावरून पाणी घ्यायला उठले. तर शेफालीनं टब भरून त्यात सुगंधी गोळा सोडलेला. "बाथ बॉम्ब आहे, आई. शांत वाटेल." तो फसफसत विरघळला, पाणी जांभळं झालं, लव्हेंडरचा वास सुटला. सुतकाची अंघोळ ही! सुनेवर ओरडणार होते, पण तिचेच डोळे सुजलेले. मुकाट्यानं बसले पाण्यात.

आई असती तर म्हणाली असती, "अगं, एवढ्या पान्यात हिर्डोशीची समदी गुरं न्हातील!" हसू आलं, मग रडू. आणि नंतर खरंच शांत वाटलं. त्याचाच राग जात नाही.

मी इथं बरी आहे. तू जेवतोस ना वेळेवर?

आता आईचा वास आठवू गेलं की लव्हेंडरच येतो. महिनाअखेरीस येतेय. तोवर तिची गोधडी धुवायची नाही, कुणाला द्यायची नाही. तुझ्या बायकोला, सुलक्षणालाही बजाव.

आणि आधीच धुतली असलीत, तर मात्र मला कळवू नकोस.

तुझी,
प्रमिलाताई