बाईसाहेब तापल्या त्याची हकिगत

ती. स्व. सिग्नेताईस,

स्कोगडालहून धाकट्या ऑरिनचा मनापासून नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात वाळत घातल्यापासून तुझे गुडघे बरे आहेत असं तू ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतंस, ते तसेच राहोत. कुंडीतल्या निवडुंगाला फूल आलं का? इकडे गहू कमरेला लागलाय, डास नेहमीसारखे धष्टपुष्ट आहेत आणि माझी तब्येत उत्तम आहे. (उजवा डोळा सोडून. त्याचं पुढे येईलच. तो आता काळ्याचा जांभळा आणि जांभळ्याचा पिवळा झालाय, म्हणजे सुधारणाच म्हणायची.)

आतापर्यंत तुला तीन-चार जणींचे फोन आले असतील. चर्चच्या तळघरात कॉफीला उकळी फुटली की बातमीला ॲरिझोना काही लांब नाही. त्या बायकांनी काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं खरं असलं तरी उलट्या क्रमानं सांगितलेलं आहे. म्हणून सुरुवातीपासून ऐक, आणि मध्ये 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणू नकोस. म्हटलं होतंस, हे मला मान्य आहे.

मी होडी देऊन मायनॉटच्या त्या म्हाताऱ्या संग्राहकाकडून पहिल्या महायुद्धातली फ्रेंच रायफल घेतली, हे तुला ठाऊकच आहे. ('होडी बुडते तरी शांतपणे,' असं तू तेव्हा म्हणाली होतीस.) सरकारी परवानगी हातात पडेपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं आणि मग ती एका लांबलचक पेटीतून घरी आली. तेव्हापासून मी तिला 'बाईसाहेब' म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची हिंमत होत नाही. ही स्वयंचलित रायफल आहे खरी, पण 'स्वयं' म्हणजे तिच्या स्वतःच्या मर्जीनं. दिसायला म्हणशील तर एखाद्या नळकाम करणाऱ्यानं उरलेल्या पाइपांचं काहीतरी करून ठेवावं तशी. पोटाखाली अर्ध्या चंद्रासारखी गोळ्यांची पेटी, आणि त्या पेटीच्या एका बाजूला चांगल्या लांबरुंद फटी, म्हणजे आत किती गोळ्या उरल्यात ते आपल्याला दिसावं. आपल्याला दिसतं तसं धुळीलाही दिसतं, आणि ती आत जाऊन बसते. पेटी गच्च भरली तर बाईसाहेब अडतात. थोडी रिकामी ठेवली तर चालतात. पुढचे दोन पाय टेकवायचे असतात, त्यातला एक कधीही बसकण मारतो.

शिवाय त्यांचा वेग. बाकीच्या बंदुका कापड फाटल्यासारख्या वाजतात. बाईसाहेब बोलतात त्या विचार करून. धड्... (इथे कॉफीचा घोट घेता येतो) धड्... (इथे कप खाली ठेवता येतो) धड्. प्रत्येक गोळीला आख्खी नळी मागे जाते आणि पुढे येते, आणि मागचा भाग बरोबर तुमच्या गालाच्या हाडाशेजारी येऊन थांबतो. गाल दाबून, घट्ट चिकटवून ठेवला तर काही होत नाही. पण जरा लक्ष उडालं, गाल बोटभर उचलला, की अशी सणसणीत थप्पड बसते की शाळेतले हॉल्वरसन मास्तर आठवावेत.

आणि शेवटचा गुण म्हणजे तापणं. फार वेळ चालवल्या की नळी तापून फुगते, आपल्याच आवरणात घट्ट अडकते आणि मागे गेलेली मागेच राहते. मग कुणी काही करायचं नाही. ठोकायचं नाही, ओढायचं नाही, पाणी तर मुळीच ओतायचं नाही. गोळ्यांची पेटी काढून घ्यायची आणि शेजारी बसून राहायचं. गार झाल्या की आपल्या आपण खाडकन पुढे येतात. त्या कधी येतील हे त्यांनाच माहीत.

आता आर्डिसबद्दल. आर्डिस स्ट्रँड, आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. नवरा, हॅरल्ड, गेल्यापासून एकटीच त्या पिवळ्या घरात असते. मी तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो, ती मला सूप देते, आणि हे इतकी वर्षं चाललंय की आता बर्फ नसला तरी मी फावडं घेऊन जातो. (मे महिन्यात एकदा गेलो होतो. तिनं काही विचारलं नाही. सूप दिलं.) मी तिला त्यापलीकडे काही कधी बोललो नाही. तू म्हणशील का नाही बोललास. ताई, आपल्या घरात कोण बोललंय? बाबांनी आईला मागणी घातली ती गाईच्या किमतीची चौकशी करता करता, हे तूच मला सांगितलंस.

आणि मग जूनमध्ये तिनं घर विकायला काढलं. ओरेगॉनला मुलीकडे जायचं ठरलं, असं मला टपाल कचेरीत तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मी तिकीट न लावताच पाकीट पेटीत टाकून घरी आलो. (ते तुझं वाढदिवसाचं कार्ड होतं. मिळालं नसेल.) दोन दिवस जेवण गेलं नाही. मग डोक्यात आलं की बोलता येत नसेल तर निदान काही करून तरी दाखवावं. माझ्याकडे दाखवण्यासारखं होतं काय? बाईसाहेब.

आपल्या अग्निशमन दलाचा जुन्या स्वयंचलित बंदुकांचा मेळावा दर वर्षीप्रमाणे खडीच्या खाणीत होता. जेवणाचा मांडव चर्चच्या बायकांचा, म्हणजे आर्डिस तिथे असणारच. स्पर्धा सोपी. मातीच्या टेकाडापुढे फळ्या, फळ्यांवर गेल्या हिवाळ्यातले पिचके कोबी, ज्याचे कोबी आधी संपतील तो पुढच्या फेरीत. बक्षीस एक आख्खं हॅम, डुकराची खारवलेली तंगडी. दलाचा प्रमुख मर्ल ओस्टबी माझी रायफल बघून म्हणाला, "ऑरिन, ही बंदूक आहे की दूध काढायचं यंत्र?" ट्रॅक्टरवाल्या ड्वेनकडे झपाट्यानं चालणारी चकचकीत बंदूक. तो म्हणाला, "काका, तुमची पहिली गोळी पोचेपर्यंत माझे कोबी शिजवून होतील."

पण झालं काय, ड्वेनसारख्यांच्या बंदुका एका श्वासात रिकाम्या होत. टेकाडाची चाळणी होई आणि फळीवर कोबी हसत बसलेले. बाईसाहेब मात्र धड्... एक कोबी. धड्... दुसरा कोबी. दोन गोळ्यांच्या मध्ये नेम धरायला इतका वेळ की मला चष्मासुद्धा पुसता आला असता. पहिली फेरी जिंकलो. दुसरी जिंकलो. लोक मांडवातून उठून बघायला आले, मर्लनं टोपी मागे सरकवली, आणि मी ताई, आयुष्यात पहिल्यांदा शेफारलो. फेऱ्यांच्या मध्ये बाईसाहेबांना विश्रांती द्यायची सोडून, ज्यानं सांगितलं त्याला चालवून दाखवत बसलो. नळीवरची हवा उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी थरथरायला लागली, तरी मला शुद्ध नाही.

शेवटची फेरी, मी आणि ड्वेन. अर्धे कोबी उडाले होते. तेवढ्यात आर्डिस बघतेय का, हे बघायला मी मान वळवली. म्हणजे गाल उचलला.

बघत होती. थप्पड बसली तेव्हाही बघत होती. डोळ्यापुढे तारे, चंद्र आणि हॉल्वरसन मास्तर. मी दात आवळून पुन्हा गाल टेकवला, चाप ओढला, धड्, आणि त्यापुढे काहीच नाही. बाईसाहेब तापल्या होत्या. नळी मागे गेली ती तिथेच थांबली.

ड्वेन बादलीभर पाणी घेऊन धावला. मी इतक्या जोरात "खबरदार!" ओरडलो की ऑर्गनच्या मागे बसून मी गाताना तोंड नुसतं हलवतो हे ज्यांना माहीत आहे ते सगळे चकित झाले. मर्लनं कानांवरची टोपणं काढली आणि निकाल दिला. "फेरी जेवणानंतर पुरी करू. ऑरिन, बाई गार होईपर्यंत तू तिच्याजवळून हलायचं नाहीस." पेटी काढली, नळीचं तोंड टेकाडाकडे केलं, आणि सगळे जेवायला गेले. मी एका डोळ्यानं टेकाडाकडे बघत बसलो. दुसरा मिटत आला होता. मांडवातून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं, झालं, संपलं. आता ती ओरेगॉनला जाणार आणि आठवण म्हणून माझं हे तोंड नेणार.

तेवढ्यात आर्डिस आली. एका हातात हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटे-खिम्याची, थाळी, दुसऱ्यात कॉफी, खांद्यावर ओलं फडकं. फडकं माझ्या डोळ्यावर दाबलं, बादली उपडी घातली आणि बसली. दोघंही नळीकडे बघत होतो.

"ओरेगॉनात पाऊस फार पडतो म्हणे," मी म्हणालो.

"पडतो."

"सदा ओल. तुझ्या पियानोला मानवायची नाही."

"पियानो नेणार नाही. चर्चला देणार आहे."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"मला भाडेकरू ठेवतोस की काय?"

"भाडं नको," मी घाईघाईनं म्हणालो.

वरच्या पट्टीत बेसूर जाणाऱ्या पुरुषांकडे ती ऑर्गनवरून जशी बघते, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. "ऑरिन, ही कॉफी गार व्हायच्या आत तुझ्या तोंडून एक सरळ वाक्य बाहेर पडणार आहे का?"

ताई, मला वाटतं तो थपडेचाच परिणाम असावा. डोकं नुकतंच हलून जागेवर बसलं होतं. मी म्हणालो, "जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर."

कॉफी गार झाली का, ते ती कपाला बोट लावून बघू लागली. वारा पडला होता. आणि बाईसाहेब अचानक खाडकन पुढे आल्या. मी उडालो, आर्डिस उडाली, कॉफी माझ्या गुडघ्यावर सांडली.

"हे काय झालं?" तिनं छातीवर हात ठेवून विचारलं.

"गार झाल्या. आता तयार आहेत."

"बरं," ती फडकं पिळत म्हणाली, "मग आम्ही दोघीही तयार आहोत."

मी तिथे काय केलं ते लिहीत नाही. मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा तुला कळलं असेलच. (मी नाचलो नाही. पाय घसरला.)

जेवणानंतर आर्डिस म्हणाली की उरलेले कोबी ती उडवणार, आजवर सूपच करत आली त्यांचं. ड्वेनची हरकत नव्हती. मी तिला गाल घट्ट टेकवायला दहा वेळा सांगितलं. पहिल्या गोळीला एक कोबी असा फुटला की एक पान मर्लच्या टोपीवर जाऊन बसलं, आणि ते बघून तिला हसू फुटलं. हसताना गाल जागेवर राहत नाही, ताई. थप्पड बसली. तरीही ती हसतच होती, एक डोळा मिटून, एप्रनला डोळे पुसत, खाली बसून. हॅम ड्वेनला मिळालं. जाऊ दे.

रविवारी आम्ही चर्चमध्ये शेजारी शेजारी. माझा उजवा डोळा काळा, तिचाही उजवा काळा. मेळाव्याला न आलेल्या प्रत्येकानं वळून पाहिलं. नवे पाद्री नुकतेच मिनीॲपोलिसहून आलेत, त्यांनी प्रवचन मध्येच थांबवलं आणि सहनशीलता या विषयाकडे वळवलं. नंतर आम्ही लग्नाची तारीख मागायला गेलो तर त्यांनी दार लावून घेतलं, आम्हाला वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं आणि अत्यंत हळू आवाजात विचारलं, "आधी कुणी सुरुवात केली?" आर्डिस म्हणाली, "एका फ्रेंच बाईनं." त्यानंतर खुलासा करायला बराच वेळ गेला, आणि अजूनही त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही.

तर हकिगत ही अशी. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप, निवडुंगाला फार पाणी घालू नकोस, आणि मला हसून झालं की पत्र लिही.

तुझा धाकटा,
ऑरिन

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. पाद्रीसाहेबांना घरातल्या वडील माणसाचा शब्द हवाय, की ऑरिन हात उगारणारा नाही. आपल्यात वडील म्हणजे तूच. तेवढं त्यांना फोन करून सांग. बंदुकीचा विषय मात्र काढू नकोस, त्यांना ती अजून खरोखरचीच बाई वाटतेय आणि ते तिच्यासाठी प्रार्थना करताहेत. आणि लग्नाला ये. दोघांचे काळे डोळे निवळले की लगेच उरकायचंय.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आर्डिसनं वाचलं. म्हणाली, सगळं ठीक आहे, पण ओरेगॉनला येत नाही असं तिनं मुलीला मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यातच कळवलं होतं. म्हणजे माझी थप्पड, कोबी, हॅम, सगळं फुकट. मी जरा रागानंच विचारलं, "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "सांगून टाकलं असतं, तर तू पुन्हा फावडं घेऊनच आला असतास."