भावाच्या वाटणीच्या ओळी

तीर्थरूप बाबा,
दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे. लाँड्रीत दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून पाय भरून येतात, एवढंच. आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या मुकादम बाई निवृत्त झाल्या. "दोन शब्द बोला," म्हटलं, तर त्यांनी टेबलावर ठेका धरून तरुणपणीचं रॅपच सुरू केलं! मध्येच थांबल्या, ठेका मात्र चालूच. मला वाटलं, विसरल्या. शेजारची कुजबुजली, "दोघं मिळून म्हणायचे, त्या ओळी बाईंच्या भावाच्या. तो वारल्यापासून बाई ती जागा रिकामीच ठेवतात."

त्या ओळी पुन्हा आल्या, तेव्हा सगळ्या जुन्या बायकांनी उचलल्या. भाऊ होता तेव्हापासून ऐकून त्यांना पाठ होत्या. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

बाबा, तुम्ही गाणं शिकवता, मी काय सांगणार? रॅप चार दिवसांचं, असं तुम्ही म्हणता. पण आमच्या बाईंना नातवंडं आहेत.

धाकट्याला समोर बसवून त्याचं रॅप एकदा ऐका. नाही आवडलं तर तसं त्यालाच सांगा. तुम्हा दोघांचे निरोप पोचवून मी फार दमले आहे.

तुमची,
थोरली