आधी अक्षर, मग वेलांटी

नाशिक रोड,
१४ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप आक्का,

तुमचा निरोप तुमच्या कुंदनकडून मिळाला. इकडे सर्व ठीक आहे. थंडी पडू लागली आहे. तुमच्या गुडघ्यांसाठी तेल आणून ठेवले आहे. द्राक्षांवर यंदा भुरीचा रोग आला नाही ना? कुंदन घाईत होता, त्याला विचारायचे राहून गेले.

रविवारी तो टेम्पो घेऊन माझे सामान न्यायला येणार असे म्हणाला. तुम्ही मागची खोली माझ्यासाठी चुना लावून घेतलीत, हेही त्याने सांगितले. त्याबद्दल लिहायलाच बसले आहे, पण आधी शाळेतले सांगते. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. त्यात तुमच्या ओसरीवरच्या फोनवरचे बोलणे सगळे घर ऐकते.

शाळेत दसऱ्यानंतर संगणकाची खोली झाली. संगणकावर लिहिलेले भिंतीवर मोठे करून दाखवणारा प्रोजेक्टरही आला. आमच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी सांगितले की भाषेच्या शिक्षकांनीही आठवड्याला एक तास तिथे घ्यायचा. मी त्यांना म्हटले, "बाई, मला कशाला? मी डिसेंबरअखेर स्वेच्छानिवृत्ती घेणार. अर्ज तुमच्याकडेच आहे." त्या म्हणाल्या, "डिसेंबरपर्यंत शिकवणार ना? मग शिका."

सुट्टीत शिकायला गेले. संगणकाचे हनीफ सर आमच्यात सर्वांत तरुण. पहिल्या दिवशी मी माउस उचलून हवेत फिरवत होते. ते म्हणाले, "बाई, खाली टेकवा. पोळी लाटताना लाटणं उचलता का?" मला हसू आले. खूप दिवसांनी आले, म्हणून लक्षात राहिले.

तुम्हाला ठाऊक आहे, मला टंकलेखन कधी करावेच लागले नाही. हे कचेरीत मराठी टंकलेखक, आणि घरी माझ्या प्रश्नपत्रिका. चहा झाला की यंत्रावरचे कापड काढायचे, मी शेजारी बसून वाचायचे, यांनी बडवायचे. वेलांटी आली की दरवेळी म्हणायचे, "आधी छत्री उघडायची, मग माणूस खाली घ्यायचा." त्या यंत्रावर तसेच होते. पहिली वेलांटी आधी दाबायची, अक्षर नंतर. इतकी वर्षे पाहून पाहून माझ्या डोळ्यांतही तेच बसले होते.

हनीफ सर म्हणाले, "संगणकावर आधी अक्षर, मग वेलांटी."

मी म्हटले, "आमच्याकडे आधी वेलांटी."

"आमच्याकडे म्हणजे?"

माझा हात कळफलकावरून मागे आला. ते समजले असावेत. त्यांनी माझ्यापुढे कळफलक सरकवला.

मी क दाबला. मग वेलांटी दाबली. आक्का, वेलांटी मागून आली आणि क ला वळसा घालून अलीकडे येऊन उभी राहिली. आपोआप. मी पुसले आणि पुन्हा केले. पुन्हा तसेच. किती वेळा केले कोण जाणे. शेवटी सर म्हणाले, "बाई, क च्या पुढेही अक्षरं आहेत."

आता एक गोष्ट लिहिते, ती कुणालाच सांगितलेली नाही. चैत्रात हे गेले, त्यानंतर शाळा उघडल्यापासून मी वर्गात जात होते, पण शिकवत नव्हते. मुलींना धडा मनात वाचायला सांगायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. मुली शहाण्या, एकीनेही तक्रार केली नाही. दसऱ्याला तुम्ही आलात आणि म्हणालात, "एकटी बाई तू, काय करशील इथं? तिकडं मळा हे, माणसं हेत." ते मला पटले ते यामुळेच. शिकवायचे संपले असेल तर इथे राहून काय करायचे, असे वाटले. म्हणून तुमच्यासमोरच अर्ज लिहिला.

गेल्या शुक्रवारी आठवीचा तास संगणकाच्या खोलीत होता. खिडक्यांना पडदे, मुली खाली सतरंजीवर. मी निबंधाचे नाव लिहायला बसले, 'दिवाळीची सुट्टी'. हनीफ सरांनी घोटून घेतलेले सगळे विसरले आणि हात सवयीने आधी वेलांटीवर गेला.

भिंतीवर वेलांटी उमटली. तिच्या खाली अक्षर नव्हते. त्या जागी ठिपक्या-ठिपक्यांचा एक गोल होता, ताटाएवढा. आत काही नाही.

मुली हसल्या. एकजण म्हणाली, "बाई, वेलांटीला अक्षरच नाही!"

दुसरी म्हणाली, "मग ती पडत कशी नाही?"

सुहाना म्हणून एक मुलगी आहे, भगूरहून एसटीने येते. ती म्हणाली, "जागा धरलीय ना अक्षरासाठी. आपण खिडकीतून रुमाल टाकतो तशी."

"आणि अक्षर आलंच नाही तर?"

"तर काय, गोल राहणार. हो ना बाई?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी भिंतीकडे पाहत होते. यंत्राला कोणी शिकवले असेल हे, की जे आलेले नाही त्याचीही जागा दाखवायची? कागदावर आपण अक्षर गाळले तर नुसता कोरा भाग राहतो. तिथे काही हवे होते, हे कळतही नाही. इथे स्पष्ट दिसत होते.

मी म्हटले, "हो, राहणार."

मग मी पुसून नीट लिहिले. आधी द, मग वेलांटी. ती वळसा घालून आली तशा मुली "आई गं!" करून ओरडल्या. आणि माझ्या मनात एकदम काही आले. मी त्यांना म्हटले, "सगळ्या मोठ्याने म्हणा, दि. आता सावकाश. आधी काय येतं तोंडातून?" त्या म्हणू लागल्या, "द्... इ. द्... इ." आधी द, मागून इ. आपण बोलतो तेव्हा वेलांटी मागूनच येते, आक्का. लिहिताना तेवढी ती आधी बसते. हाताचा क्रम वेगळा, तोंडाचा वेगळा, आणि हे यंत्र तोंडाचे ऐकते. इतकी वर्षे मी मराठी शिकवते, बाराखडी हजारदा घेतली असेल, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तुमच्या भावाच्याही आले नव्हते. ते असते तर रात्री जेवताना मी सांगितले असते, आणि त्यांनी वाद घातला असता की यंत्र चुकते आहे.

घंटा कधी झाली कळले नाही. पुढच्या तासाच्या मुली दारात उभ्या होत्या. सुहाना जाताना म्हणाली, "बाई, आज तुम्ही किती बोललात!" मी तिला दटावले, "चला, रांगेत चला." पण व्हरांड्यात आले तेव्हा लक्षात आले. तो तास मी शिकवला होता.

आक्का, काल मी वत्सलाबाईंकडे जाऊन अर्ज मागे घेतला. त्यांनी तो खणातून काढून दिला. एवढेच म्हणाल्या, "मी वर पाठवलाच नव्हता."

तेव्हा कुंदनला रविवारी टेम्पो आणू देऊ नका. मी येणार नाही. मागच्या खोलीत खुशाल कांदे भरा. तुम्हाला राग येईल, आणि तो यावा असेच मी वागले आहे. लोकही विचारतील, भावजयीला वाऱ्यावर सोडली का. त्यांना सांगा, तिची नोकरी आहे. तुम्ही मला न्यायचे म्हणता ते माझ्यासाठी, हे मी जाणते. पण थोडे तुमच्यासाठीही आहे ना? तुमच्या भावाला तुम्ही कडेवर घेऊन वाढवलेत. त्यांच्याबद्दल बोलायला तिकडे तुम्हाला कोणी नाही. मुले ऐकून घेतात, पण त्यांना तेवढी माहिती नाही. महिन्यातून एका शनिवारी मी दुपारच्या गाडीने येत जाईन आणि रविवारी परतेन. तेव्हा आपण बोलू. तुम्ही त्यांच्या लहानपणीचे सांगा, मी पुढचे सांगेन. मला फार बोलता येत नाही, पण प्रयत्न करीन.

मुलांना आशीर्वाद. तेल आणतेच. पत्र संपवताना नेहमीच्या सवयीने 'उभयतांचा नमस्कार' लिहायला घेतले आणि थांबले. तसे आता लिहिता येणार नाही.

माझा एकटीचा नमस्कार.

मालन