हिच्या नावाचा रनर

३ मार्च, मंगळवार
झालं! बायको खुर्चीवर चढून पडदे लावत होती, पडली, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मला सांगायचं ना! "चार वेळा सांगितलं," म्हणाली. बरं.

येत्या पंधराला तिच्या शिवणवर्गाचं प्रदर्शन आहे. टेबल रनर करायचा — म्हणजे टेबलाच्या मधोमध अंथरायची लांबट, अरुंद गोधडीच. यादीत हिचं नाव पहिल्यांदाच लागलंय आणि कापडं अजून कपाटात घडी घालून! डॉक्टरांपुढे हूं की चूं केलं नाही, घरी आल्यावर ते कपाट उघडून रडली. मला बघवेना. म्हटलं, मी शिवतो. घरच्यांची मदत नियमात बसते. पस्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेत, या पट्ट्या त्या काय!

४ मार्च, बुधवार
आठ पट्ट्या कापल्या. प्रत्येकी दोन इंच, एकूण सोळा. सुतभरही इकडेतिकडे नाही! ही शेजारी बसून नुसती बघत होती.

५ मार्च, गुरुवार
पट्ट्या जोडून मोजलं — साडेबारा. पुन्हा मोजलं. साडेबाराच! साडेतीन इंच गेले कुठे? ही हसून हसून बेजार. "अहो, शिवणीत कापड आत जातं ना!" नकाशात भिंतीला भिंत लागते, कुणी कुणाच्या पोटात शिरत नाही. "मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "तुम्ही इतके रंगला होतात!" गुपचूप दोन पट्ट्या वाढवल्या.

७ मार्च, शनिवार
हिच्या मशीनच्या बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या छोट्या रिळात, दोरा भरला. अख्खी सकाळ गेली.

९ मार्च, सोमवार
आज नक्षी. कापडाचीच पानं, फांदी आणि दोन चिमण्या कापायच्या, मागे गोंदाचा कागद ठेवून इस्त्री फिरवायची, की चिकटलं. शेंबड्या पोरालाही जमेल म्हणे! मी कागद उलटा ठेवला. चिमणी इस्त्रीला चिकटली. घरभर जळका वास! दुसरी कापली ती बटाट्यासारखी झाली. "असू दे, दिवस गेले असतील तिला," ही म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "एवढी अक्कल आहे तर तूच शीव!"

बोललो आणि जीभ चावली. समोर ते प्लास्टर. पण ही रागावली नाही. चहा झाला, मग कडेची पानं लावता लावता दुपारभर बोलत बसलो. कॉलेजात असताना हिला विमान चालवायचं होतं! मला पत्ताच नव्हता.

१३ मार्च, शुक्रवार
संपला एकदाचा. वरचं कापड, मधला मऊ थर, खाली अस्तर, सगळ्यातून टीप मारली. टीप झिंगल्यासारखी वाकडी. चिमण्या बघवत नाहीत. आणि हे हिच्या नावावर मांडायचं! लोक हिला हसतील. "नको नेऊ गं," म्हटलं. "नेणार," म्हणाली.

१५ मार्च, रविवार
शिवणाच्या बाईंनी रनर उलटून पाहिला. हिला म्हणाल्या, "हा तू नाही शिवलास." मीच पुढे झालो — "अहो, हिचा उजवा हात मोडलाय, म्हणून मी —"

"पण ही तर डावखुरी आहे! कापणं, शिवणं, सगळं डाव्या हातानं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही शेजारच्या टेबलावरची फुलं न्याहाळत होती.

येताना रस्त्यात विचारलं, बोलली का नाहीस?

"पहिल्या दिवशी रडू आलं, मग वाटलं, डाव्यानं जमेल. पण तुम्ही अडतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मशीनपाशी बसलात. उठवायचं जिवावर आलं."

फार लाज वाटली.