सात नंबरचं बेअरिंग

पांढरकवडा,
१४ मार्च २००८

प्रिय अरसलान,

तुझी सीडी मिळून पंधरा दिवस झाले. पोच द्यायला इतका उशीर करणारा हा माणूस एकेकाळी एक दिवस उशिरा आलेल्या गृहपाठासाठी तुला वर्गाबाहेर उभा करत असे, हे आठवून मनापासून हसून घे. पुढे हसण्याजोगं फारसं नाही, म्हणून जे आहे ते आधीच वाढतो आहे. पाकिटावरचं पांढरं, धुरकट चित्र पाहून मला वाटलं, छपाई बिघडली. सीडी लावली तेव्हा यंत्रही बिघडल्याची खात्री पटली. एक सूर निघे, अडखळे, मागे जाई, पुन्हा तेवढाच तुकडा, पुन्हा मागे. मी ते यंत्र काखेत मारून जमीरच्या दुकानात नेलं. त्यानं आतलं भिंग तीनदा पुसलं, सीडी स्वतःच्या यंत्रावर लावून पाहिली आणि अत्यंत आदरानं म्हणाला, “सर, मशीन चांगली हाय. गाणंच असं हाय.”

मग घरी येऊन तुझी चिठ्ठी नीट वाचली. म्हणजे हे अडखळणं मुद्दाम केलेलं असतं आणि त्याला ग्लिच म्हणतात. गिटारींचा जो ढग सगळ्यावर पसरतो तो शूगेझ, कारण वाजवणारे मान खाली घालून आपल्याच बुटांकडे बघत राहतात. बाबा रे, सत्तावीस वर्षं मागच्या बाकावरची पोरं माझ्यासमोर हेच करत आली. ती कला आहे हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बऱ्याच छड्या वाचल्या असत्या. अडखळण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आमच्या पाठशाळेत घनपाठ घोकून घेत: दोन शब्द पुढे, तेच मागे, मग तीन पुढे, तेच तीन उलटे, पुन्हा पुढे. काही हरवू नये म्हणून हा सगळा खटाटोप. तुझा चौथा तुकडा तिसऱ्यांदा ऐकताना वाटलं, हा मुलगाही काहीतरी हरवू नये म्हणूनच घोकतो आहे. त्या ढगाच्या आत, खूप खोल, एक घरघर आहे. ती पांढरकवड्यातलं कोणीही ओळखेल. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलची ती घरघर गावाच्या उशाशी असायची. आता दोन वर्षं नाही, आणि तिच्यावाचून दुपारी इतक्या रिकाम्या असतात की भिंतीवरच्या घड्याळाचा राग येतो.

इकडचं सांगायचं तर कापसाच्या गाड्या येत नाहीत, त्यामुळे मिलच्या आवारात रुईऐवजी गवत आहे. मुंबईहून कॅमेरेवाले येतात, चौकात चहा पितात आणि इथे आणखी काही वाईट झालं का, असं विचारतात. संस्कृतला यंदा चार मुलं आहेत, पैकी दोघं चुकून आली. मी दुपारीच दोन्ही वेळचा स्वयंपाक करतो आणि संध्याकाळी तेच ताट पुन्हा वाढून घेतो. तुझ्या भाषेत माझं जेवणही ग्लिचमध्येच चालतं.

चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलंस, अब्बूंना ऐकवा. लिहिताना तुझा हात थबकला असणार, शाई तिथे जाड झाली आहे. अठ्ठावीस वर्षं जिनच्या खोलीत फिटर म्हणून काढल्यावर मुख्तारला ऐकू किती येतं, हे तुला माहीत आहेच. म्हणून तर फोन निरुपयोगी आणि पत्रं चालू. त्याला उर्दू लिहिता येतं, ते तुला वाचता येत नाही. तुला मराठी वाचता येतं, ते त्याला लिहिता येत नाही. आणि मधे हा संस्कृतचा मास्तर. तुझी अम्मी, अकीलाभाभी, गेल्यापासून दर रविवारी तो माझ्या ओट्यावर येतो. तुझं पत्र मी त्याच्या डाव्या कानात ओरडून वाचतो, त्यामुळे ते सगळ्या मोहल्ल्याला पाठ असतं. मग तो सांगतो आणि मी लिहितो.

तर त्या रविवारी मी सीडी लावली. त्यानं खिशातून पेचकस काढला. मशीनचं दुखणं तो कसं ऐकायचा ते तू लहानपणी पाहिलं आहेस: टोक मशीनला, मूठ कानामागच्या हाडाला. तसंच त्यानं टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. पहिले तीन तुकडे नुसता बसून राहिला. एकदा म्हणाला, “मास्तर, हे पोट्टं पाऊस भरून राह्यलं का डब्यात?” चौथा लागला आणि त्याचा चेहराच बदलला. “थांबव! मागं घे.” मी मागे घेतला. सहा वेळा घेतला. “हे सात नंबरचं मशीन हाय,” तो म्हणाला. “नवा पट्टा फटफटून राह्यला अन् जुनं बेअरिंग रडून राह्यलं. हे दोन्ही संगं तीनच दिवस होतं मास्तर, त्या आखरी हंगामात. गुरुवारी पट्टा लावला, शनिवारी यवतमाळवरून बेअरिंग आणून बदलवलं. गुरुवारी, शनिवारी मी तिथंच उभा होतो.” मग त्यानं बोटांवर दिवस मोजले. “शुक्रवारी दुपारी मी मशिदीत गेलतो. तवा आलं पोट्टं. अन् गेलं.”

मी म्हटलं, कशावरून, दुसऱ्या कोणाकडून आवाज मागवला असेल. पण तो चप्पल घालून निघालाही होता. मिलच्या फाटकावर धावजी अजून राखण करतो, कशाची ते त्यालाही सांगता येत नाही. मुख्तारनं विचारलं आणि धावजीनं मान खाली घालून, त्याच्याकडे न बघता, मला सांगितलं, “आलता सर. हातात ते यंत्र धरून सात नंबरपाशी उभा राह्यला. चाचा येतच असन, थांब म्हटलं. तर म्हणे, मले घरी यायची बंदी हाय. हात जोडले त्यानं, सांगू नको म्हणे.” मुख्तार आमच्या ओठांकडे बघत होता. “काय म्हणते? कायले नाही थांबलं?” मी त्याच्या डाव्या कानाशी गेलो आणि ओरडलो, “घाईत होता!”

त्यानंतर तो रविवारी आलेला नाही. मीच गेलो. तो भांडी पोत्यात भरत होता. तीस तारखेला उमरखेडला बहिणीकडे, तुझ्या नाजियाफुफीकडे जाणार, कायमचा. घर कोणाला तरी देऊन टाकणार. म्हणाला, “मी बलावलं होतं त्याले. मिलपर्यंत आलं, घरापर्यंत नाही आलं. मंग घर कोणासाठी ठेवू?” मी शेजारी बसून दोन पातेली कागदात गुंडाळून दिली. त्याखेरीज काही केलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी एखादा विनोद करून निसटलो असतो. तू इंजिनिअरिंग सोडल्याचं कळवलंस, त्या पत्राच्या उत्तरात ‘पदवी हाती आल्याशिवाय या घराचा उंबरा चढू नकोस’ हे वाक्य होतं. ते मुख्तारचं नव्हतं, माझं होतं. तू पाठवलेलं ‘अब्बूंची आज्ञा पाळीन’ हेही मी त्याला कधी वाचून दाखवलं नाही. तेव्हा स्वतःला बजावलं की या ओसाड वर्षांत हुशार मुलानं इथे येऊन कुजू नये, एका धाकानं तो शिक्षण पुरं करेल. दोन वर्षं तेच कारण नीट घडी करून जपलं. पण तू परत आला असतास तर पत्रं थांबली असती आणि माझ्या ओट्यावर रविवारी कोणी आलं नसतं, हेही मला तेव्हाच ठाऊक होतं. मुख्तारला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून तसाच त्याच्याकडे जाणार आहे. आधी सांगितलं तर धीर सुटून पत्र घरीच राहील. तो पुन्हा माझ्या ओट्यावर बसेल असं वाटत नाही, आणि बसावं असा हट्ट धरायचा अधिकार मला नाही. तू मात्र तीस तारखेच्या आत निघ. तुझं ते पत्र आलं त्या दिवशी त्यानं मला उत्तरात लिहायला सांगितलं होतं ते हे, आणि या खेपेला मी त्यात काही सुधारलेलं नाही: “शिकायचं नसन तर नको शिकू. बाजा वाजवायचा तर वाजव. पण घरी ये बेटा. मिल बंद होऊन राह्यली, मले एकट्याले करमत नाही. तू दार वाजवशीन तर मले ऐकू नाही येणार, म्हणून मी कडी लावतच नाही. ढकलून अंदर ये.”

तुझाच,
सदाशिव मास्तर