तीन नंबरची कॉट

१३ ऑक्टोबर, इंदापूर
आले एकदाची. बारामतीची एस.टी. वेळेवर सुटली, खोलीही उजेडाची मिळाली. दवाखान्याच्या हृदयविभागात सहा कॉट, प्रत्येकीला मॉनिटर. सिनियर नर्स रेश्माताईंनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. ठोके ओळखण्याच्या परीक्षेत मी पहिली आले होते, हे मी त्यांना दोनदा सांगून टाकलं.

१४ ऑक्टोबर
मॉनिटरच्या भोंग्यांवर चिकटपट्टी लावलीय. भोंगा वाजला की माणूस गेला असं वाटून सगळी भावकी आत घुसते म्हणे. मग ठोक्यांवर लक्ष ठेवायला मला नेमलंय कशाला? तीन नंबरला कळंबचे तात्याबा. पडद्यावर चार ठोके नीट, मग तीन रुंद, वेडेवाकडे. मनगट धरलं. चार लागतात, तीन हुकतात. ताई म्हणाल्या, "ती मशीन तसंच दावती. वायरी सैल हायत." वायरी मीच घट्ट बसवल्या होत्या. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी ताईंनाच विचारलं.

१५ ऑक्टोबर
तात्याबा सकाळी नऊला गेले. रडू येतंय आणि त्याहून जास्त संताप. दुपारी कॉट रिकामी, वायरी खुंटीला टांगलेल्या. पडद्यावर मात्र चार नीट, तीन रुंद. ताई म्हणाल्या, बघ, तुला म्हटलं नव्हतं? आता माझं कोण ऐकणार?

१६ ऑक्टोबर
त्याच कॉटवर अंथुर्ण्याच्या बनाबाई. पुन्हा चार, तीन. मनगटातही तेच. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नवीन आहात. बनाबाईंनी माझा हात छातीवर ओढून घेतला. म्हणाल्या, "बाई, आत चालतंय ते माजं न्हाय."

१७ ऑक्टोबर
बनाबाई गेल्या. नऊलाच.

१८ ऑक्टोबर, पावणेनऊ
कॉट रिकामी आहे. वायरी स्वतःला लावतेय. माझं काळीज धडधाकट. माझे ठोके नीट उमटले, की मशीन खोटं बोलत नाही हे सिद्ध होईल. मग पुढचा माणूस तरी वाचेल.

चार नीट. तीन—

मनगट धरलं. हुकतात.

चिकटपट्टी उपटली. भोंगा वाजतोय. ताई आल्या. पडद्याकडे बघत नाहीत. पट्टी परत लावतात, म्हणतात वायरी सैल—

आवाज फुटत नाही. लिहून दाखवते— ताई, मशीन राहू दे, माझं मनगट ध