बापाच्या अर्ध्यासकट

प्रिय टिल्ले,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते. आत्ताच मशीनवर एका कोटाची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आराम करा." आराम केला की हे अंग आतल्या आत काय उद्योग करतं, ते बघतेच आहे!

तू दिलेला लिव्हरचा तुकडा मात्र गुणी निघाला. माझ्या पोटात आल्यापासून तक्रारीचा चकार शब्द नाही. घरात तू इतकी शहाण्यासारखी कधी वागलीस? खोड माझ्या रक्ताची. त्यात तुझ्याविरुद्धच्या अँटीबॉडी निघाल्या. ऑपरेशनआधी अगदी नगण्य होत्या, आता वाढल्यात. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समजावलं ना, बाळ पोटात असताना बापाकडून आलेला अर्धा भाग आईच्या रक्ताला परका वाटतो, आणि कधी कधी ते त्याची खूणगाठ बांधून ठेवतं, वर्षानुवर्षं.

त्यावर मी काय बोलावं? "तरीच! हिच्या बापाशी माझं आतूनच जमलं नाही." बाई हसल्या, मीही हसले. तू पर्स उचललीस. जिन्यात म्हणालीस, "मग माझं परत दे."

जिभेला हाड नसतं. माझ्या जिभेला तर ब्रेकही नाही. अगं, तुझे बाबा घर सोडून गेले तेव्हा त्यांची एकूण एक वस्तू मी बाहेर काढली, चपलांच्या फळीसकट. राहिलं ते तुझं नाक आणि तुझं झोपेत हसणं. दोन्ही त्यांचंच. तू झोपलीस की हातातलं शिवण टाकून मी ते हसू बघत बसायचे. माझ्या रक्ताला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अँटीबॉडी निघाल्या म्हणजे लिव्हर नाकारलंच असं नाही, म्हणतात. खरं काय ते कळायला उद्या सकाळी सुईनं त्यातला कणभर तुकडा काढणार आहेत. लागलं तर औषध वाढवतील. मी बाईंना बजावलंय, या रक्ताला हवं तेवढं दाबा, पण माझी पोर माझ्यात राहिली पाहिजे. अख्खी, बापाच्या अर्ध्यासकट. सुईची मला भीती नाही, मेली रोज हातात असते. पण तुकडा तुझा काढणार आणि मालकीणच हजर नाही, बरं दिसतं का ते? भांडायला तरी ये.

काहीही परत न देणारी, तुझीच,
आई